चीनच्या भिंतीवरील ‘शांत’ पदभ्रमण: नाशिकच्या आयोजकाला दिलेले ५,१६,००० रुपये

चीनच्या भिंतीचा गर्दी नसलेला भाग चालायला नेतो, असे सांगून आमच्या शहरातील एका सहल आयोजकाने आमच्या घरातील तिघांकडून, म्हणजे मी, माझे पती आणि आमच्या जाऊबाई यांच्याकडून, एकूण ५,१६,००० रुपये घेतले. त्यांपैकी १,२६,००० रुपये अशा दोन गोष्टींसाठी होते की त्यांतली एक जगात अस्तित्वातच नाही आणि दुसरी आजतागायत परत मिळालेली नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि ही भिंत मुलांना फळ्यावर काढून दाखवली. तरीही लिहिते आहे, कारण हा गृहस्थ पुढच्या सहलीसाठी आजही नोंदणी घेतो आहे आणि त्याच्या जाहिरातीत आम्हाला दाखवलेलीच छायाचित्रे आहेत.

आम्ही कोणाच्याही गोड बोलण्याला भुलणारी माणसे नाही, हे आधी स्पष्ट करते. हा आयोजक आम्हाला अनेक वर्षे ओळखीचा होता. त्याच्याबरोबर आम्ही अंजनेरी, रामशेज, साल्हेर असे ट्रेक केले होते. एकदा अतिवृष्टीमुळे ट्रेक रद्द झाला तेव्हा त्याने प्रत्येकाचे ६५० रुपये दुसऱ्याच दिवशी न मागता परत केले होते, आणि विश्वास बसायला मध्यमवर्गीय माणसाला याहून अधिक काय लागते? छोट्या रकमांत काटेकोर राहणाऱ्या माणसाला मोठी रकम देताना आपण तीच फूटपट्टी लावतो. आता माझे सांगणे असे आहे की ६५० रुपये परत करणाऱ्यालासुद्धा लाखाची रकम देताना परक्या माणसाइतकेच तपासावे.

त्याने ‘शांत’ हा शब्द नेमका का वापरला, ते नाशिकच्या ट्रेकरला सांगावे लागत नाही. रविवारी हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अडून उभे असतात, मागून शिट्ट्या आणि समोर मोबाइल, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला निवांत चाल मिळणार म्हटल्यावर निम्मा निर्णय झालेलाच असतो. त्याचा युक्तिवादही तसा चुकीचा नव्हता. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या चीनच्या सर्वेक्षणानुसार सगळ्या राजवटींच्या भिंतींची एकत्रित लांबी २१,१९६ किलोमीटर भरते, पर्यटक मात्र बहुतेक भिंतीच्या बादालिंग या भागाकडेच लोटतात आणि तिथल्या गर्दीमुळे २०१९ मध्ये दिवसाला ६५,००० माणसांची मर्यादा घालावी लागली, असे तो सांगे, आणि हे सगळे खरे आहे. खऱ्या माहितीच्या ओघात दोन खोट्या गोष्टी मिसळल्या की त्या वेगळ्या काढणे जाणत्यालाही जड जाते.

त्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत तीन चाली होत्या. पहिली भिंतीच्या जिनशानलिंग भागापासून सिमाताई भागापर्यंत सलग. दुसरी ज्यानकोऊच्या दुरुस्ती न केलेल्या भिंतीवरून मुतियान्यूपर्यंत. तिसरी गुबेइकोऊची, जिथे १९३३ मध्ये चिनी आणि जपानी सैन्यात लढाई झाली होती. बारा जणांचा गट, माणशी १,७२,००० रुपये. रकमेची फोड अशी होती: नोंदणी ३०,०००, मुख्य हप्ता १,००,०००, ‘भिंतीवरील विशेष पदभ्रमण परवाना’ १८,००० आणि ‘परतावायोग्य सुरक्षा ठेव’ २४,०००. परवान्याचे तिघांचे ५४,००० आणि ठेवीचे तिघांचे ७२,००० झाले.

ज्या क्षणी हे सगळे तिथेच थांबायला हवे होते, तो क्षण मला तारखेसह आठवतो आणि त्याचा संताप अजून ओसरत नाही. मुख्य हप्ता द्यायला आम्ही गंगापूर रोडवरील त्याच्या भाड्याच्या कार्यालयात गेलो. त्याने स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसले कार्बनचे पावतीपुस्तक काढले. त्यावर त्याच्या संस्थेचा रबरी शिक्का होता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि ‘कशाबद्दल’ या रकान्यात त्याने ‘पदभ्रमण मार्गदर्शन शुल्क’ असे लिहिले. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आयोजकाने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, लागतो, त्या वेळी तो ५ टक्के होता, हे माझ्या पतींना ठाऊक होते आणि त्यांनी तसे विचारलेही. त्यावर तो म्हणाला, “काका, टीसीएस लावला तर तुमचेच पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतील. मी तुमचे वाचवतोय.” पैसे भरायचे खाते संस्थेचे नव्हते, त्याच्या मेहुण्याच्या नावाचे बचत खाते होते. मेहुणा हिशेब पाहतो, असे कारण त्याने दिले. मी ती पावती हातात धरली, कार्बनची निळी शाई बोटाला लागली, आणि मी ती पर्समध्ये ठेवली. समोर चहा आला होता, शेजारी आमच्याच ट्रेकच्या गटातील आणखी दोघे पैसे भरायला बसले होते, आणि अशा जागी ओळखीच्या माणसाला अविश्वासाचे शब्द बोलणे आपल्याकडे किती अवघड असते, हे ज्याच्यावर वेळ आली आहे त्यालाच कळेल.

टीसीएस वाचवून देणारा आयोजक तुमचे काहीही वाचवत नाही. तो कापला असता तर माझ्या पतींच्या पॅनवर आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात त्याची नोंद दिसली असती, आणि ही परदेशी सहलच होती, याचा सरकारी पुरावा आमच्या हाती राहिला असता. तो पुरावा निर्माणच होऊ नये, एवढ्यासाठी ते ‘मार्गदर्शन शुल्क’ होते.

दुसरी खूण कार्यक्रमपत्रिकेतच होती. जिनशानलिंग ते सिमाताई ही चाल पूर्वी खरोखर प्रसिद्ध होती. परंतु सिमाताईचा भाग २०१० मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये खालच्या गुबेई जलनगरी या पर्यटन-गावासह पुन्हा उघडला, आणि आता तिथला प्रवेश त्या नगरीतूनच होतो. जिनशानलिंगहून भिंतीवरून चालत येणाऱ्याला सिमाताईत शिरता येत नाही. म्हणजे आम्हाला विकलेली चाल आम्ही पैसे भरण्याच्या कितीतरी आधी बंद झालेली होती. जो माणूस स्वतः तिथे गेला आहे, तो ती छापणारच नाही. त्याची छायाचित्रे कोणाची होती, हे आता उमजते.

दसऱ्यानंतर आम्ही निघालो. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन आणि त्यानंतरचे दिवस तिथे सार्वत्रिक सुटीचे असतात, सारा देश प्रवासाला निघतो. निवांत चालीची सहल या आठवड्यात ठेवणे हाच मुळात निर्लज्जपणा होता. ऑक्टोबरचे पहिले आठ दिवस सोडूनच या सहलीचा विचार करावा. पहिल्या चालीच्या दिवशी तिथल्या वाटाड्याने ‘वाहतुकीच्या कारणास्तव’ बस जिनशानलिंगऐवजी बादालिंगला नेली. तिथे भिंतीवर पाय उचलून टाकावा लागत नव्हता, मागचा जमाव ढकलत नेत होता. बुरुजाच्या अरुंद दारात आमच्या जाऊबाई कितीतरी वेळ अडकून पडल्या. परतताना बस जेडच्या दागिन्यांच्या दुकानापाशी थांबली आणि जितका वेळ भिंतीवर मिळाला, त्याहून जास्त वेळ आम्हाला त्या दुकानात बसवले गेले. असे दुकान कार्यक्रमात नसताना आले की तुमच्या डोक्यावर कोणीतरी दलाली घेतो आहे, हे समजून चाला.

दुसऱ्या चालीला आम्हाला ज्यानकोऊच्या पायथ्याच्या गावात उतरवले. पायवाटेच्या तोंडाशी फलक होता, चिनीत आणि इंग्रजीत: हा भाग पर्यटकांसाठी खुला नाही, प्रवेश निषिद्ध. मी वाटाड्याला ‘विशेष परवाना’ दाखवायला सांगितला. त्याला मी कशाबद्दल बोलते आहे, हेच समजेना. शेवटी त्याने सांगितले की असा परवाना नसतोच. चीनमध्ये १ डिसेंबर २००६ पासून भिंतीच्या रक्षणाची नियमावली लागू आहे आणि न उघडलेल्या भागावर सहली आयोजित करण्यास त्यात मनाई आहे. खुल्या भागांना साधे प्रवेश तिकीट लागते आणि तेही शंभर युआनच्या आत असते, म्हणजे आपल्या हजार-बाराशे रुपयांच्या आत. आम्ही माणशी १८,००० मोजले होते. एवढ्यावर न थांबता एका गावकऱ्याने ‘मागच्या वाटेने’ नेण्यासाठी माणशी २०० युआन मागितले, गटातल्या काहींनी दिलेही. आम्ही दिले नाहीत. खालून दिसणाऱ्या त्या भिंतीवर झाडे उगवली होती, विटा सुटलेल्या होत्या आणि उतार असा होता की हात टेकल्याशिवाय चढता आले नसते. साठीच्या उंबरठ्यावरील माणसांना विम्याशिवाय, दोराशिवाय तिथे चढवण्याचा त्याचा बेत होता, या विचाराने माझ्या अंगावर आजही काटा येतो. गुबेइकोऊ ‘वेळेअभावी’ वगळण्यात आले.

सुटी संपल्यावर, परतीच्या आदल्या दिवशी, आम्ही तिघांनी गट सोडला. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीने बीजिंगमधील दुंगझमेनहून मुतियान्यूच्या वाटेवरील ह्वायरोऊला जाणारी ९१६ जलद बस आणि पुढची गाडी कागदावर लिहून दिली. मुतियान्यूला तेवीस बुरुज आहेत. मोठी केबल कार चौदाव्या बुरुजापाशी सोडते आणि बहुतेक लोक तिथून सहाव्याकडे उतरतात, कारण घसरगाडी तिथे आहे. आम्ही उलट दिशेला वळलो. विसाव्याच्या पुढे पायऱ्या इतक्या उभ्या होतात की माणसे आपोआप विरळ होतात. एका बुरुजाच्या खिडकीत आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या आणि तेवढ्या वेळात तिथे दुसरे कोणी फिरकले नाही. मिंग काळातले ते बांधकाम, सेनापती ची जिग्वांगने याच टापूत उभारलेल्या पोकळ बुरुजांविषयी मी वर्गात जे सांगत असे ते सारे, हाताला लागत होते. ज्या शांततेसाठी आम्ही लाखो मोजले, ती अशी साध्या बसने आणि तिकिटाने मिळाली. ज्यांना लांब चाल हवी आहे, त्यांनी जिनशानलिंगच निवडावे. तो साडेदहा किलोमीटरचा अधिकृतपणे खुला भाग आहे आणि बीजिंगपासून दूर असल्याने तिथे गर्दी कमी असते.

परत आल्यावर ठेवीचे ७२,००० मागितले. आधी “आठवड्यात देतो”, मग “चिनी एजंटाने अडकवले”, मग फोन उचलणेच बंद. शेवटी निरोप आला की आम्ही गट सोडल्यामुळे ठेव जप्त झाली आहे. अशी कोणतीही अट लेखी नव्हती.

यापुढचे सांगताना माझा तोल जातो, पण सांगायलाच हवे. पोलीस ठाण्यात अधिकाऱ्याने सगळे कागद चाळून पहिला प्रश्न विचारला, “ताई, तुम्ही चीनला जाऊन आलात ना? मग फसवणूक कशी?” जो माणूस गेलाच नाही तोच फसला, अशी यांची व्याख्या आहे. हा दिवाणी वाद आहे, ग्राहक आयोगात जा, असे सांगून त्यांनी तक्रार अर्जाची पोचसुद्धा द्यायला टाळाटाळ केली. दुसऱ्या कक्षात पाठवले तर तिथे उत्तर मिळाले की पैसे ओळखीच्या माणसाला स्वखुशीने पाठवले, म्हणून हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही. मोठ्या रकमांच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांनी सांगितले की तुमची रक्कम आमच्यासाठी लहान आहे. निवृत्त शिक्षिकेच्या आयुष्यभराच्या बचतीतली ही रक्कम कोणासाठी लहान आहे? एकाने तर सिंहस्थाच्या तयारीत माणसे गुंतली आहेत, असे कारण दिले. सिंहस्थ होईपर्यंत शहरातल्या सगळ्या लुबाडणाऱ्यांना अभय आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का? बँकेने तर अर्ज वाचण्याआधीच हात वर केले: व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. दारोदार फिरून प्रत्येक खिडकीवर एकच सूर ऐकू येतो की चूक तुमची. कायदा तसे म्हणत नाही. अस्तित्वात नसलेल्या परवान्याचे पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरते, आणि ठाणे अंमलदार गुन्हा नोंदवत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे मला एकाही अधिकाऱ्याने सांगितले नाही, एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, जो आज वकिली करतो.

तशी रजिस्टर टपालाने तक्रार पाठवली आहे. ग्राहक आयोगातही दावा तयार होत आहे. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आमचे एकत्रित ५,१६,००० असल्यामुळे तिघांनी स्वतंत्र दावे करावेत की एकत्र, हे वकिलांनी ठरवायचे आहे. दावा ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येतो, तेव्हा कोणी “कोर्टाच्या चकरा नकोत” म्हणून गप्प बसवू लागला तर ऐकू नका.

या गृहस्थाला मार्चच्या सहलीसाठी ज्यांनी नोंदणीचे ३०,००० दिले आहेत, त्यांनी पुढचा हप्ता थांबवावा आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: जीएसटी क्रमांकासह बीजक, संस्थेच्या नावाचे खाते, आणि त्या कथित परवान्याची प्रत. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव जुळते का, ते स्वतः पाहावे. ज्यांच्याकडे त्या कार्बनच्या पावत्या आहेत, त्यांनी त्यांची आजच छायाप्रत काढून ठेवावी, कारण शाई पुसट होऊ लागली आहे, आणि मूळ पावती कोणत्याही खिडकीवर पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नये.