निक्कॉर-एम ३०० मिमी एफ/९ : नाशिकच्या डोंगरांवर बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या ४×५ फिल्ड कॅमेऱ्याला (४×५ इंचांच्या सुट्या फिल्म शीटवर फोटो काढणारा घडीचा कॅमेरा) १५० मिमीची लेन्स आधीपासून होतीच, दुसरी कुठली घ्यायची म्हटल्यावर जो तो ९० घे म्हणत होता, लँडस्केप म्हणजे वाइड, जास्त रुंद भाग दाखवणारी लेन्स, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना. मी ३०० घेतली आणि आता पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळ्यात वापरून झाल्यावर सांगते, आपल्या नाशिकच्या डोंगरांना हीच लागते.

कारण साधं आहे. आपल्याकडचे डोंगर लांब आणि सुटे सुटे उभे. समजा पाच किलोमीटरवर पायथ्यापासून ७०० मीटर उंच डोंगर आहे, तर तो फिल्मवर ९० ने जेमतेम सव्वा सेंटीमीटर येतो, १५० ने दोन, आणि ३०० ने चार. शीट आडवी धरली तर उंची साडेनऊ सेंटीमीटरच, म्हणजे ९० ने उरलेलं सगळं आभाळ आणि शेत! धोडपची ती कातळभिंत आणि तिच्यातली खाच हायवेच्या बाजूने बघा. १५० मध्ये ती खाच लूप (छोटं भिंग) लावून शोधावी लागते, ३०० लावली की काचेवर चित्र उलटं असूनही खाचेची धार लगेच दिसते, भिंतीवरच्या उभ्या भेगासुद्धा मोजता येतात. सातमाळ्याची अख्खी रांग, रवळ्या-जावळ्या, मार्कंड्या, एकामागे एक बसवायची तर याला पर्याय नाही. ३५ मिमी वापरणाऱ्यांसाठी सांगायचं तर साधारण ९० मिमीसारखं दिसतं.

वजन जेमतेम २९० ग्रॅम! एफ/५.६ वाल्या ३०० मिमी लेन्सेस मोठ्या शटरमध्ये येतात, किलोच्या घरात किंवा वरच जातात, त्या घेऊन हरिहर चढून दाखवा. हिच्यात चारच काचा, तीन गटांत, मल्टिकोटेड, त्यामुळे सूर्य समोरच्या बाजूला असला तरी काळे भाग काळेच राहतात. फिल्टर ५२ मिमीचे, साध्या कॅमेऱ्याचेच चालतात. इमेज सर्कल, म्हणजे लेन्स फिल्मच्या जागी टाकते तो चित्राचा गोल, ३२५ मिमी, कॅमेऱ्याचा राइज (लेन्स वर सरकवायची सोय) संपतो पण सर्कल संपत नाही.

आता त्रास, तोही आहेच. एफ/९ म्हणजे उजेड कमी, पहाटे ग्राउंड ग्लासवर (फोकस बघायची मागची दुधी काच) अंधारच, डोक्यावरच्या काळ्या कापडात, डार्क क्लॉथमध्ये, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, मी तर आधी कडा आणि आभाळ जिथे भेटतात ती रेघ पकडते आणि त्यावरच फोकस करते. दुसरं म्हणजे डेप्थ, जवळचं आणि लांबचं एकदम शार्प येणं. एफ/३२ ला हायपरफोकल (जिथे फोकस केला की अगदी लांबपर्यंत सगळं शार्प येतं ते अंतर) २८ मीटरच्या आसपास, त्याच्या निम्म्यापासून पुढचंच शार्प, म्हणजे १४ मीटरच्या अलीकडचं गवत गेलंच, मग टिल्ट आला, म्हणजे लेन्स पुढे झुकवणं. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल आणि शार्पनेस जमिनीलगत बसवायचा असेल तर ९० ला साडेतीन अंश पुरतात, ३०० ला साडेअकरा लागतात, बऱ्यापैकी झुकवावं लागतं. आणि बेलोज, लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता! माझ्या कॅमेऱ्याचे ३५० मिमीपर्यंतच ताणतात, त्यामुळे दोन मीटरच्या आतलं काही फोकसच होत नाही. ज्यांचे बेलोज ३०० लाच संपतात त्यांनी हिचा विचारही करू नका, तिथे कमी बेलोजवर चालणारी टेलि बनावटीची लेन्स लागते, ती जड असते.

वारा हा सगळ्यात मोठा शत्रू. अंजनेरीच्या पठारावर एवढे ताणलेले बेलोज शिडासारखे वारा धरतात. पुतण्या सोबत असला की वाऱ्याच्या बाजूने छत्री धरून उभा राहतो, त्याशिवाय मी फिल्म होल्डरची स्लाइडच (फिल्म झाकणारी पट्टी) काढत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/३२ वर पाव सेकंद येतो, धूसरपणा कापायला नारिंगी फिल्टर लावला की दोन स्टॉप गेले (उजेड चौपट कमी), झाला एक सेकंद, आणि फोमापान १०० ही कृष्णधवल फिल्म असेल तर ती लांब एक्स्पोजरला मंदावते, म्हणून मीटर एक म्हणाला की दोन द्यायचे, दहा म्हणाला तर ऐंशी. तेवढ्यात गवत हललंच समजा. डोंगर हलत नाही ते बरंय.

धूसरपणाचं मात्र नीट लक्षात घ्या, लांबची लेन्स म्हणजे मधली सगळी हवापण फोटोत येते. एप्रिल-मेमध्ये मागच्या रांगा पांढऱ्या पडतात, फिल्टरनेही फार काही होत नाही. पाऊस उघडल्यावरचे दिवस, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा हिचं खरं काम.

पांडवलेण्यांच्या आत किंवा हरिहरच्या पायऱ्यांवर उभं राहून काढायचं असेल तर ९० च लागणार, तिथे ही बॅगेतच राहते. पण वाइड घ्यायचीच असेल तर एफ/८ वाली बघा, ती हलकी असते.

आता ही सेकंडहँडच मिळते, निकॉनने लार्ज फॉरमॅट लेन्सेस बंद करून बरीच वर्षं झाली. घेताना कुठल्याही जुन्या शटरचे स्लो स्पीड कानाने ऐका, एक सेकंद आणि अर्धा सेकंद यात अडखळलं तर सर्व्हिसिंगचा खर्च धरून भाव करा. काचेतून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, आपल्या पावसाळ्यात ते वाढतातच, मी जून ते सप्टेंबर लेन्स सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवते. आणि लेन्सबोर्ड (लेन्स बसवायची कॅमेऱ्याची फळी) मागवताना भोक कोपल १ या मापाच्या शटरचं, ४१.६ मिमीचं आहे ना ते विचारून घ्या, १५० च्या लेन्सेस बहुतेक कोपल ० मध्ये असतात, तो बोर्ड हिला चालत नाही.