वॉलपेपरवर कॅलेंडर: कॉन्की की चित्र बनवणारी स्क्रिप्ट?

गुहागरला होमस्टे चालवणारा माझा मामेभाऊ अडलाय. लिनक्सच्या लॅपटॉपवर बुकिंगच्या तारखा सतत समोर हव्यात, पण कॉन्की (डेस्कटॉपवर माहिती दाखवत राहणारा प्रोग्राम) वापरू की इमेजमॅजिकने (कमांडने चित्रं बनवणारा प्रोग्राम) वॉलपेपरच नव्याने बनवू?

पैसे कशालाच लागत नाहीत. नोंदी दोन्हीकडे 'खाल' या प्रोग्राममधून घेता येतात. तो लॅपटॉपवर साठलेलं कॅलेंडर वाचतो, त्यामुळे पावसात नेट गेलं तरी अडत नाही.

मेहनत कॉन्कीत कमी. एक कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल, त्यात ठराविक सेकंदांनी कमांड चालवणारी ओळ, झालं. स्क्रिप्टला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय, लावावा लागतो, आणि तिथे नवखे हमखास अडकतात: क्रॉनला डेस्कटॉपच्या सेशनचा पत्ता माहीत नसतो, म्हणून डी-बसचा (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती वाट) पत्ता दिल्याशिवाय जीसेटिंग्ज या कमांडने ग्नोम या डेस्कटॉपचा वॉलपेपर बदलत नाही. ग्नोम ४२ पासून डार्क मोडच्या चित्राची सेटिंगही वेगळी आहे, तीही बदला.

माझ्या मते निर्णय ठरतो मराठीवर. कॉन्की अक्षरं एक्सएफटी या लायब्ररीने काढतं, ते जोडाक्षरं जुळवत नाही. 'चतुर्थी'चा रफार भलतीकडे जातो. इमेजमॅजिकला पँगोमार्फत (जोडाक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) मजकूर दिला की अक्षर छापल्यासारखं येतं. शिवाय वीज जाऊन आली तरी शेवटचं चित्र जागेवर असतं.

इंग्रजीत नोंदी ठेवणाऱ्याला, मिनिटामिनिटाला ताजी माहिती हवी असणाऱ्याला कॉन्की बरं. मामेभावाला मी स्क्रिप्टच लिहून देतोय. फक्त पाहुण्यांची नावं न छापता खोली नंबरच छापणार, कारण लॅपटॉप ओटीवरच उघडा असतो.