पुनर्जन्माचा सिनेमा बघायचाय? ‘कर्ज’, ‘सोनार केल्ला’ की ‘मधुमती’

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर बसून पूर्वजन्माची आठवण आणि त्यात गुंतलेलं रहस्य, असं काही बघायचं असेल तर ही तीन नावं. पूर्वजन्म तिन्हीत आहे, पण रहस्य तिन्हीत सारखं नाही. निवडताना मी तरी तेच बघेन.

‘कर्ज’मध्ये (1980) रहस्य असं नाहीच. सुभाष घईंनी खून सुरुवातीलाच दाखवून टाकलाय: नवी नवरी कामिनी, म्हणजे सिमी गरेवाल, नवऱ्याला जीपखाली घेते. पुढच्या जन्मी तो ऋषी कपूर होऊन येतो आणि गिटारवरच्या एका धूनेनं त्याला मागचं दिसू लागतं. मग उत्सुकता उरते ती हा तिला कसं घेरणार याची. ‘एक हसीना थी’ सुरू झाल्यावर सिमीच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, तेवढ्यासाठीही सिनेमा वसूल. घरात पाहुणे, पोरंसोरं असतील तर हाच लावा. मधेच कोणी पन्हं आणायला उठलं तरी काही बिघडत नाही.

‘सोनार केल्ला’ (1974) बंगाली, सत्यजित राय यांचा. मुकुल नावाचा पोरगा रात्री उठून किल्ल्याची चित्रं काढतो, आपण सोन्याच्या किल्ल्यापाशी राहायचो म्हणतो. खजिन्याच्या वासानं बदमाश मागे लागतात आणि सगळी वरात जैसलमेरकडे निघते. राय यांनी स्वतःच्या कादंबरीत बदमाशांची खरी ओळख लांबवली होती, सिनेमात ती लवकर उघड केली. त्यामुळे हा पाठलागाचा सिनेमा झालाय, जटायू या विनोदी पात्रामुळे हसवणाराही. उपशीर्षकं वाचायची असल्यानं कूलरच्या घरघरीचा त्रास नाही, हा वेगळा फायदा.

योगायोग असा की त्याच 1974 मध्ये नागपुरातल्या एक मराठी बाई अचानक बंगाली बोलू लागल्या, जुन्या काळातल्या बंगाली बाईसारखं वागू लागल्या. पुनर्जन्माच्या दाव्यांचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी 1984 च्या आपल्या पुस्तकात हे प्रकरण सविस्तर मांडलं. बंगालीशी त्या बाईंचा आधीही संबंध आला होता, असं शंका घेणाऱ्यांचं म्हणणं. मुकुलची गोष्ट बघताना नागपूरकराला हे आठवणारच.

‘मधुमती’ (1958) मात्र शेवटपर्यंत हातचं राखून ठेवतो. पावसात दरड कोसळते, इंजिनिअर असलेला दिलीपकुमार एका जुन्या हवेलीत आसरा घेतो आणि तिथलं तैलचित्र आपणच काढलंय असं त्याला वाटू लागतं. मग मागच्या जन्मातली गोष्ट उलगडते: जंगल, वैजयंतीमाला, आणि प्राणचा राजा उग्रनारायण. मधुमतीचं नेमकं काय झालं हे कळायला थांबावं लागतं, आणि कळतं ते अशा रीतीनं की अंगावर काटा येतो. कथा ऋत्विक घटक यांची, दिग्दर्शन बिमल रॉय यांचं, संगीत सलिल चौधरींचं. नऊ फिल्मफेअर मिळाले. मधला जॉनी वॉकरचा भाग थोडा रेंगाळतो, पण तेवढं चालतं.

रहस्यासाठीच बसणार असाल तर ‘मधुमती’च, तेही रात्री, कूलर मंद करून. फक्त शेवट माहीत असलेल्या काकांना शेजारी बसवू नका. ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत.