लांडगा आला, पण नकली

अमीबो, म्हणजे निन्टेन्डोच्या गेममधल्या पात्रांच्या, आत चिप असलेल्या छोट्या फिगर, जमवण्याचा छंद मी महिन्याला दीड हजार रुपयांत बसवतो, त्यामुळे वापरलेल्या, खोके नसलेल्या फिगरच माझ्या वाट्याला येतात. २०१४ साली अमेरिकेत पहिल्या अमीबो १२.९९ डॉलरला मिळत होत्या. पण एखादी फिगर दुकानांतून संपली की तिची किंमत विकणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. २०१६ मध्ये आलेली वुल्फ लिंक, म्हणजे लांडग्याच्या पाठीवर स्वार झालेली मिडना नावाची व्यक्तिरेखा, त्यांतलीच एक. ती निन्टेन्डोच्या स्विच या गेम कन्सोलला टेकवली की ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममध्ये खराखुरा लांडगा सोबतीला येतो, आणि मला ती दोन वर्षांपासून हवी होती.

एका विक्रेत्याने ती ३,८०० रुपयांना देऊ केली. मी पुरावा मागितल्यावर त्याने व्हिडिओ पाठवला: स्विचच्या उजव्या जॉय-कॉनच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, स्टिकवर फिगर टेकवली आणि पडद्यावर लांडगा हजर झाला. एवढे पाहून मी यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ दिली. खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या संकेतस्थळावरून व्यवहार केला असता तर अडीचशे रुपये जास्त पडले असते, आणि तेवढेच वाचवण्याची दुर्बुद्धी मला सुचली.

फिगर आली, लांडगाही आला, आणि तीन आठवडे मी खूश होतो. मग एका मित्राची अस्सल फिगर शेजारी ठेवली, तेव्हा माझ्या मिडनाच्या डोळ्याचा रंग कडेबाहेर ओघळलेला दिसला. मित्राच्या फिगरच्या बैठकीखाली निन्टेन्डोचा मजकूर छापलेला होता; माझ्या बैठकीखाली नुसते काळे गोल स्टिकर होते. ते नखाने सोलल्यावर आत तांब्याच्या तारेची वेटोळी असलेली पातळ चकती निघाली.

अमीबोमध्ये असते ती एनटॅग२१५ जातीची चिप, आणि तिच्यात वापरण्याजोगी जागा जेमतेम ५०४ बाइट. तशाच कोऱ्या चकत्या सुट्या, अगदी स्वस्तात मिळतात. त्यांवर अस्सल फिगरची माहिती उतरवली की स्विचला फरक कळत नाही. म्हणजे ज्या व्हिडिओला आपण सगळे पुरावा मानतो, त्यातून फक्त चिप चालते एवढेच सिद्ध होते. फिगर खरी की साच्यातून काढलेली नक्कल, हे त्यावरून मुळीच कळत नाही. मला नुसता लांडगा हवा असता तर शंभर-दोनशे रुपयांचे कार्ड पुरले असते. मी पैसे मोजले ते फिगरसाठी.

विक्रेत्याला जाब विचारला, तर उत्तर आले, “गेममध्ये चालतंय ना भाऊ? मग तक्रार कशाची?” त्यानंतर त्याने मला ब्लॉक केले.

आता मी पैसे देण्यापूर्वी बैठकीच्या खालच्या बाजूचा आणि चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो मागतो, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगतो, आणि टाळाटाळ दिसली की तिथेच थांबतो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे पहिला प्रश्न व्यवहार कधी झाला हाच होता, आणि मला “महिना होत आला” असे सांगावे लागले. पैसे अजून परत आलेले नाहीत.