'सवय होऊन जाईन' म्हणत बसवलेला ब्रिज

उजवीकडची खालची दाढ काढून वर्ष झालं होतं. तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचं पाप, दुसरं काय. तिसर्‍या वेच्याच्या कापसाचे पैसे हातात आले तेव्हा म्हटलं, आता दात बसवून घेऊ. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी शहरातून दातांचे डॉक्टर येतात, तिथंच गेलो.

डॉक्टरांनी दोन भाव सांगितले. आत धातू आणि वर सिरॅमिक असं घेतलं तर एका दाताचे ३,५०० आणि झिरकोनिया नावाच्या टणक पांढर्‍या सिरॅमिकचं घेतलं तर ७,०००. ब्रिज म्हणजे तीन दात: मधला खोटा, आणि त्याला धरून ठेवायला पुढच्या-मागच्या दातांवर टोप्या. एकदाच करायचं तर चांगलं करू म्हणून मी झिरकोनिया सांगितलं. २१,००० रुपये माप घ्यायच्या दिवशीच मोजले. पावती म्हणून कोर्‍या चिठ्ठीवर 'जमा २१,०००' एवढंच लिहून मिळालं. वस्तूचं नाव नाही, दाताचा नंबर नाही. सोयाबीन विकताना मी काट्यावर नजर ठेवून उभा राहतो, आणि इथं चिठ्ठी उलटूनसुद्धा पाहिली नाही.

पुढचा-मागचा दात घासला. दोन्ही चांगले होते, किडलेले नव्हते, हे आता जास्त लागतं. पुढच्या बाजारी ब्रिज आला. सुई देऊन जबडा बधिर केला, ब्रिज बसवला आणि विचारलं, "कसं वाटतंय?" बधिर तोंडाला काय कळणार? मी मान हलवली. लगेच पक्क्या सिमेंटनं चिकटवून टाकला.

घरी येईपर्यंत जबड्याला जाग आली आणि कळलं, दातांमध्ये ज्वारीचा दाणा अडकल्यासारखं होतंय. डावीकडचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. चौथ्या दिवशी कानशिलापर्यंत ठणका. भाकर तर सोडाच, भातसुद्धा डावीकडून गिळत होतो. बायको म्हणाली, "त्या दातापायी उपाशी राहता का आता?"

परत गेलो. डॉक्टर म्हणाले, "नवीन आहे, आठ दिवसांत सवय होईल." आठ दिवसांनी गेलो तर डॉक्टर आलेच नव्हते. त्यांचा कंपाउंडर होता. "काका, तुमी उगीच घाबरून राहिले. सवय होऊन जाईन," म्हणत त्यानं मशीन फिरवली आणि ब्रिज वरून थोडा घासला. असं तीनदा झालं. तिसर्‍यांदा घरी येऊन आरशात पाहिलं तर पांढर्‍या दाताच्या माथ्यावर करडा ठिपका, आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. जीभ फिरवली तर गुळगुळीत धातू लागला.

शेजारचे भाऊ म्हणाले, "नागपूरले डेंटल कॉलेजले दाखवून ये, तिथं कोनी लपवत नाही." पहाटेची एसटी धरली. मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात केसपेपर काढला. तिथल्या शिकाऊ मॅडमनी आधी दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगितलं. डाग फक्त ब्रिजवर उमटला, बाकीचे दात कोरे. म्हणजे चावण्याचा सगळा भार त्या एका जागेवर येत होता. हा कागद आमच्याकडे एकदाही तोंडात आला नव्हता. बारीक हुक टोपीच्या कडेखाली शिरला, आणि एक्स-रेत मागच्या दातापाशी फट दिसली. टोपी घासलेल्या दाताच्या कडेपर्यंत पोचतच नव्हती. अन्न तिथं अडकून हिरडी सुजली होती, वास येत होता, आणि आत कीड सुरू झाली होती.

मी झिरकोनियाचं म्हणालो तेव्हा त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, झिरकोनिया आतूनही पांढरंच असतं. घासून करडं निघालं म्हणजे आत धातू आहे." धातूचा ब्रिज वाईट नसतो, नीट बसवला तर वर्षानुवर्षं टिकतो, हेही त्यांनीच सांगितलं. पण मग मी १०,५०० जास्तीचे कशाचे दिले?

ब्रिज कापून काढावा लागला. मागच्या दाताचं रूट कॅनल झालं. नवा ब्रिज आला तेव्हा त्यांनी तो कच्च्या सिमेंटवर बसवला आणि गावाला पाठवलं: भाकर खा, शेंगदाणे चावा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी पाहा, मग या. दोन-चार दिवस तोंडात काहीतरी नवीन आहे असं वाटलं खरं. ती सवयीची गोष्ट. ठणका, उंच लागणं, हिरडीतून रक्त येणं ही सवयीची गोष्ट नव्हे. बिलावर या वेळी ४५, ४६, ४७ असे दातांचे नंबर आणि कशाचा ब्रिज ते लिहून घेतलं. कोणी झिरकोनिया सांगत असेल तर दात बनवणार्‍या लॅबचं कार्ड मागा, आणि सगळे पैसे पक्कं चिकटवण्याआधी देऊ नका. मशीन हातात घेणार्‍याचा नोंदणी क्रमांकही विचारा. १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यानं कंपाउंडरला तोंडात मशीन फिरवायचा अधिकार नाही, हे मला फार उशिरा कळलं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज लिहून ठेवला आहे. कापून काढलेला ब्रिज मी मॅडमकडून मागून आणला होता, तो त्या चिठ्ठीत गुंडाळून कपाटात आहे. ही गोष्ट तालुक्याला कशी पोचली कोण जाणे, पण मागच्या बाजारी कंपाउंडर मला शोधत दुकानापाशी आला. म्हणाला, "डॉक्टर साहेब आठ हजार वापस देतो म्हनते. फक्त तो जुना ब्रिज घेऊन या, काका."

ब्रिज अजून कपाटातच आहे.