पेल्व्हिसचं फ्रॅक्चर स्थिर आहे का: सीटी, भुलीखालची तपासणी की कम्प्युटर मॉडेल?

पेल्व्हिस म्हणजे कमरेतलं तीन हाडांचं कडं: मागे त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं हाड) आणि दोन बाजूंना दोन नितंबास्थी. ते एकसंध राहतं ते मुख्यतः अस्थिबंधांमुळे (हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांमुळे), त्यातही मागच्या बाजूच्या. त्यामुळे फ्रॅक्चर स्थिर आहे की नाही, म्हणजे भार आला तरी हाडं जागेवर राहतील का, हा प्रश्न हाडापेक्षा अस्थिबंधांचा जास्त आहे. कोणती पद्धत निवडायची, हे तिथूनच ठरतं.

सीटी स्कॅन बघून फ्रॅक्चर यंग-बर्जेस किंवा टाइलच्या वर्गीकरणात (पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरचे प्रकार ठरवण्याच्या दोन रूढ पद्धती) बसवणं सगळ्यात झटपट. सुरुवात तिथूनच होते आणि व्हायलाही हवी. पण सीटीत दिसते ती अपघातानंतरची निश्चल स्थिती. आघाताच्या क्षणी फाकलेली हाडं तोवर जागेवर परतलेली असू शकतात. बाइंडर (कमरेभोवती आवळायचा पट्टा) बांधलेला असेल तर उघडलेलं कडंही मिटलेलं दिसतं. पुढच्या सांध्यातलं 2.5 सेंमी अंतर (त्याहून जास्त फाकलं तर कडं अस्थिर मानायचं) ही प्रसिद्ध मर्यादा वापरताना हे विसरलं जातं.

भूल देऊन, सी-आर्मखाली (हलती चित्रं दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली) पेल्व्हिसवर दाब देऊन पाहिलं की त्याच रुग्णाची हाडं सरकतात का, ते समोरच दिसतं. उणीव अशी, की दाब किती दिला ते सहसा मोजलं जात नाही. सर्जन बदलला की जोर बदलतो. रक्तदाब सावरलेला नसेल, तर हा विचारही नको.

आता मॉडेल. सीटीवरून त्रिमितीय आकार घ्यायचा, त्याची हजारो-लाखो लहान घटकांत जाळी करायची, हाडाच्या घनतेवरून कडकपणा ठरवायचा (बाहेरच्या टणक हाडाला बहुधा 17 गिगापास्कलच्या आसपास; गिगापास्कल हे कडकपणाचं एकक) आणि त्रिकास्थीवर वरून भार टाकायचा. एकच पेल्व्हिस हवी तितक्या वेळा ‘मोडता’ येते: आधी पुढचा सांधा, मग मागचा एकेक अस्थिबंध, एकदा प्लेट लावून, एकदा स्क्रू. शवावरच्या प्रयोगात कापलेला अस्थिबंध परत जोडता येत नाही. दोन इम्प्लांटची तुलना करायची असेल, तर मी डोळे झाकून मॉडेल निवडेन.

एका रुग्णाचा निर्णय मात्र मी त्यावर सोडणार नाही. अस्थिबंध शाबूत आहे की फाटलाय, हे सीटीत नीट दिसत नाही, म्हणून ते मॉडेलला आपणच सांगतो. ज्याचं उत्तर हवं, तेच गृहीत धरून बसतो! बऱ्याच मॉडेलांत स्नायूही नसतात, अस्थिबंधांच्या जागी साध्या स्प्रिंगा असतात. मॉडेलमधून निघणारे ताणाचे लाल-निळे नकाशे फार खात्रीशीर वाटतात, एवढंच.

थोडक्यात, टेबलावरच्या रुग्णासाठी सीटी, आणि शंका उरली तर भुलीखालची तपासणी, संशोधनासाठी मॉडेल. कुणी मॉडेलचे आकडे पुढे केलेच, तर दोन गोष्टी विचारा: शवावरच्या मोजमापांशी ते ताडून पाहिलेत का, आणि अस्थिबंधांचा कडकपणा कमी-जास्त केल्यावर निष्कर्ष तोच राहतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर त्या आकड्यांवर स्क्रूची संख्या ठरवू नका.