शिट्टी आणि १० मीटरची दोरी : ८ महिन्यांच्या वापरानंतर

आमची कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री आता सव्वा वर्षाची आहे. झुडपात शिरून पक्षी उठवण्यासाठी घडवलेली ही जात असल्यामुळे नाक एकदा जमिनीला टेकले की तिचे कान बंद होतात, याचा अनुभव मी सुरुवातीच्या महिन्यांत पुरेपूर घेतला. तिला मी इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या सुरांत हाका मारल्या होत्या की स्वतःचे नाव तिच्या लेखी वाऱ्याच्या आवाजापेक्षा वेगळे उरले नव्हते. म्हणून हाकेचा नाद सोडला आणि तिला परत बोलावण्यासाठी ॲक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची शिट्टी व १० मीटर लांबीची दोरी आणली.

या शिट्टीत आत फिरणारी गोळी नसते, त्यामुळे ती ओलाव्याने अडकत नाही. क्रमांक हा तिचा सूर असतो. स्पॅनियलसाठी बहुधा २१०.५ आणि लॅब्रॅडॉरसाठी २११.५ वापरण्याचा प्रघात आहे. शिट्टी हरवली तरी त्याच क्रमांकाची दुसरी घेता येते आणि घरातील कोणीही ती वाजवली तरी सूर तोच राहतो. माझ्या हाकेत चिडचिड उतरत असे, शिट्टीत ती उतरत नाही, हा फायदा मला सर्वांत मोठा वाटला.

पहिले दोन आठवडे तिला बोलावलेच नाही. जेवणाचे भांडे खाली ठेवण्याआधी तीन छोट्या फुंकरी, एवढेच. त्यानंतर अंगण आणि मग दोरी लावून मोकळे मैदान. दोरीने कुत्र्याला ओढून आणायचे नसते. शिट्टी ऐकूनही वास घेत पुढे पळता आले तर ते पळणेच तिचे बक्षीस ठरते. ते बक्षीस मिळू नये, एवढेच दोरीचे काम. ती गळपट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधावी, कारण धावत्या कुत्र्याला बसणारा हिसका मानेला इजा करू शकतो. माझी पहिली नायलॉनची दोरी भिजून जड होई आणि एकदा तिने तळहात चांगलाच सोलला. नंतर घेतलेली प्लास्टिकचे आवरण असलेली चपटी पट्टी बरी निघाली, तरी हातमोजे हवेतच.

तिसऱ्या महिन्यात घडी विस्कटली आणि चूक माझीच होती. मी शिट्टी वाजवत असे ती फक्त घरी निघताना, त्यामुळे कुत्री पाच पावलांवर थांबून माझ्याकडे पाहत राहू लागली. मग एका फेरीत १० वेळा बोलावून ९ वेळा लगेच पुन्हा मोकळे सोडण्याचा नियम केला. बिस्किटापेक्षा, ती जवळ आल्यावर माझ्या मागे फेकलेला चेंडू अधिक उपयोगी पडला. पाठलाग करायला मिळणे हेच या जातीचे खरे खाणे.

आता मोकळ्या मैदानात ती वळते, तेही वेगाने. ती येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा मी शिट्टी ओठांना लावत नाही, चालत जाऊन तिला घेऊन येतो. समोरून पक्षी उठला की मात्र तिचे अजूनही भान हरपते, त्यामुळे झुडपांच्या बाजूला दोरी उतरवलेली नाही.